गोल्फ कार्टचा ड्राइव्ह क्लच आणि तुमच्या स्कूटरचा व्हेरिएटर: निघतानाचा झटका नेमका कुठून येतो?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. तो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटी नावाच्या गावात राहतो. अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या या गावाची गंमत म्हणजे तिथे गोल्फ कार्टसाठी सुमारे १०० मैलांचे वेगळे रस्ते आहेत. लोक गोल्फ खेळायला तर जातातच, पण दूध आणायला, पोरांना शाळेत सोडायलाही कार्टच काढतात. पठ्ठ्याने एक जुनी पेट्रोलवर चालणारी कार्ट घेतली होती आणि व्हिडिओत ती निघताना अशी काही उडी मारत होती की मागच्या सीटवरची पिशवी खाली पडली.

'दादा, हिचा ड्राइव्ह क्लच गेलाय असं इथला माणूस म्हणतो. नवीन टाकायला काही शे डॉलर सांगतोय. टाकू का?'

आता मी आयुष्यात गोल्फ कार्ट उघडलेली नाही. आपल्याकडे ज्या दिसतात, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वगैरे, त्या बॅटरीच्या. त्यात हा क्लच नसतोच. पण ॲक्टिव्हाचं बेल्ट कव्हर मी इतक्या वेळा उघडलंय की डोळे मिटून बसवेन. आणि भावाने सीट उचलून फोटो पाठवला तेव्हा हसूच आलं. आत तेच होतं! पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये जाड रबरी पट्टा. स्कूटरच्या कव्हराखाली लपलेलं यंत्र इथे उघड्यावर बसलं होतं, इतकंच.

म्हणून हा लेख गोल्फ कार्टबद्दल आहे आणि तुमच्या स्कूटरबद्दलही. ॲक्टिव्हा, ॲक्सेस, ज्युपिटर, काहीही असो, कार्टचा क्लच समजला की गॅरेजवाल्याने 'पूर्ण सेट बदलावा लागेल' म्हटल्यावर त्याला काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

गिअर नसलेल्या गाडीत गिअर कोण बदलतं?

या यंत्रणेला सीव्हीटी म्हणतात. यात गिअरचे दाते नसतात. त्याऐवजी दोन पुल्या असतात आणि प्रत्येक पुली दोन तिरक्या थाळ्यांची बनलेली असते. दोन बशा पाठीला पाठ लावून धराव्यात तशी. थाळ्या जवळ आल्या की मधला पट्टा वर, कडेकडे चढतो. लांब गेल्या की पट्टा खाली, दांड्याकडे घसरतो. पट्ट्याची लांबी तर बदलत नाही, त्यामुळे पुढे तो वर चढला की मागे आपोआप खाली खेचला जातो.

गाडी निघते तेव्हा पुढची पुली 'लहान' आणि मागची 'मोठी' असते, म्हणजे सायकलचा चढावरचा गिअर. वेग वाढतो तसं हे उलटं होत जातं. मध्ये पायऱ्या नाहीत, नुसता उतार आहे.

पण पुढच्या थाळ्यांना जवळ कोण ढकलतं? वजनं. पुढच्या पुलीच्या पोटात छोटी वजनं असतात. स्कूटरमध्ये ती गोल रोलर असतात, कार्टमध्ये कंपनीप्रमाणे त्यांचा आकार बदलतो. इंजिन फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि तिरक्या भिंतीवर आपटून हलत्या थाळीला पुढे रेटतात. पाळण्यात बसल्यावर बाहेर फेकल्यासारखं वाटतं ना, तेच बळ.

हे बळ किती असतं याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब करू. १५ ग्रॅमचा एक रोलर, मध्यापासून ३ सेंटीमीटरवर, इंजिन ६००० आरपीएमवर. त्या एका रोलरचं बाहेर ढकलणारं बळ येतं सुमारे १७७ न्यूटन, म्हणजे १८ किलोचं पोतं ठेवल्याइतकं! सहा रोलर असतील तर शंभर किलोच्या वर. आणि आरपीएम अर्धे केले तर बळ अर्धं होत नाही, चौथाई होतं. १८ चे साडेचारच किलो उरतात. क्लच कमी आरपीएमला शांत आणि जास्त आरपीएमला एकदम पकड घेणारा का असतो, ते या हिशोबात आहे.

मागच्या पुलीत एक दणकट स्प्रिंग असते, ती थाळ्या बंद ठेवायचा प्रयत्न करत असते. शिवाय तिथे तिरक्या खाचा असतात. चढ लागला, चाकावर भार आला की या खाचांमुळे मागची पुली पट्ट्याला जास्त घट्ट धरते आणि गाडी आपोआप 'खालच्या गिअर'मध्ये येते. पूल चढताना स्कूटरचं इंजिन जरा मोठ्याने बोलायला लागतं, ते यामुळे.

ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्सच्या डॅफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्याची अशी यंत्रणा बसवलेली छोटी कार लोकांसमोर आणली होती. त्या कारला मागे जायचा वेगळा गिअर नव्हता, सगळी यंत्रणाच उलटी फिरायची, त्यामुळे ती जितक्या वेगाने पुढे जायची तितक्याच वेगाने मागेही जाऊ शकायची. आपल्याकडे हा प्रकार घराघरात नेला तो किनेटिक होंडाने. पुण्याच्या किनेटिकने १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि बटणावर चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली. तुमच्या काका-मामांना विचारा, त्यांच्या आठवणी सुरू होतील आणि लवकर थांबणार नाहीत.

फरक एकच, पण मोठा

आता मुद्द्याची गोष्ट. कार्ट आणि स्कूटर दोन्हीत सीव्हीटी आहे. मग दोन्हींची दुरुस्ती सारखीच? नाही. आणि इथेच बरेच व्हिडिओ बघून लोक फसतात.

तुमच्या स्कूटरमध्ये कामाची वाटणी झालेली आहे. पुढचा व्हेरिएटर फक्त 'गिअर' बदलतो. इंजिन नुसतं चालू असतानाही पट्टा फिरतच असतो. चाकाला इंजिनशी जोडायचं काम मागचा सेंट्रिफ्युगल क्लच करतो. मागच्या पुलीवर बसलेले क्लच शू वेग वाढला की फाकतात आणि बाहेरच्या बेलला आतून घासून धरतात. तेव्हा चाक फिरतं.

पेट्रोल गोल्फ कार्टमध्ये मागे असे शू आणि बेल नसतात. दोन्ही कामं पुढचा ड्राइव्ह क्लच एकटाच करतो. कार्ट उभी असताना त्याच्या थाळ्या पूर्ण उघड्या असतात आणि पट्टा मध्ये सैल पडलेला असतो. पॅडल दाबलं, इंजिन फिरलं, वजनं बाहेर गेली, थाळ्यांनी पट्ट्याला चिमटीत धरलं की कार्ट निघाली. पुढे वेग वाढला की त्याच थाळ्या आणखी जवळ येऊन गिअरही बदलतात.

याचा परिणाम काय? निघताना झटका बसतोय, ही तक्रार दोन्हीकडे अगदी सारखी ऐकू येते. पण स्कूटरमध्ये तुम्ही मागे बघायचं: शू चकाकलेत का, बेल तापून निळी पडली आहे का. कार्टमध्ये मागे क्लच शू शोधत बसलात तर सापडणारच नाहीत. तिथे पुढची थाळी नीट सरकते का आणि पट्टा चांगला आहे का, हे आधी बघायचं. तक्रार एकच, पत्ता वेगळा.

आणखी एक फरक जिवावर बेतू शकतो. बऱ्याच पेट्रोल कार्टमध्ये थांबलं की इंजिन बंद होतं आणि पॅडल दाबलं की आपोआप चालू होतं. म्हणजे कार्ट शांत उभी आहे, तुम्ही सीट उचलून क्लचमध्ये हात घातलाय, आणि कोणाचा तरी पाय पॅडलवर पडला की इंजिन सुरू! भावाला मी पहिला मेसेज हाच केला: चावी काढून खिशात ठेव, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोड, प्लगची टोपी काढ, पुढच्या चाकांना विटा लाव. मग मला फोटो पाठव.

आवाज ओळखा, पैसे वाचवा

कार्ट असो वा स्कूटर, एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. इंजिन ओरडतंय आणि गाडी जात नाही, की इंजिनच ओरडत नाही?

इंजिन जोरात फिरतंय, पण वेग मात्र येत नाही, तर मधे कुठेतरी घसरतंय. पट्टा झिजलाय, चकाकलाय, त्यावर तेल आलंय किंवा क्लचची पकड गेलीय. इंजिनच वर जात नसेल तर क्लचला दोष देण्याआधी एअर फिल्टर, कार्ब्युरेटर, प्लग बघा. कार्टला तर वेग मुद्दाम मर्यादित ठेवणारा गव्हर्नर असतो. त्याची तार सरकली तरी कार्ट मंद होते आणि लोक बिचाऱ्या क्लचला बदनाम करतात.

निघताना चिरकणारा आवाज येत असेल तर कार्टवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. त्यांच्याकडे दोन पट्टे असतात. एक चाकं फिरवणारा आणि दुसरा, बारीक, स्टार्टर-जनरेटरचा. हे एकच यंत्र इंजिन चालूही करतं आणि नंतर बॅटरीही चार्ज करतं. पॅडल दाबल्या दाबल्या क्षणभर किंचाळी येऊन थांबत असेल तर बऱ्याचदा तो बारीक पट्टा सैल असतो. तो ताणायला पाना आणि दहा मिनिटं पुरतात. यासाठी कोणी नवा क्लच विकत असेल तर नम्रपणे नमस्कार करा.

थांबताना कार्ट अडखळत असेल, इंजिन दम तोडल्यासारखं बंद पडत असेल, पुढे-मागे करायचा दांडा टाकताना कडकड येत असेल, तर मात्र ड्राइव्ह क्लचवर संशय घ्यायला जागा आहे. त्याच्या थाळ्या उघडायला हव्या तशा उघडत नाहीत, पट्टा सुटत नाही. मग गाडी थांबली तरी इंजिन चाकाला ओढतच राहतं. धूळ, गंज, झिजलेली बुशिंग, नाहीतर कोणीतरी प्रेमाने मारलेलं तेल, यातलं एखादं कारण असतं.

पॅडल सोडल्यावर मागून खर्रर्र येत असेल तर मागची पुली बघा. तिरक्या खाचांवर घसरणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या गुंड्या तिथे असतात. त्या झिजल्या की धातूवर धातू घासतो. गुंड्या स्वस्त असतात, पुली महाग. म्हणून आवाज यायला लागला की लगेच बघावं.

स्कूटरकडे या. टॉप स्पीड पूर्वीसारखा येत नाही, पिकअप ठीक आहे? पट्टा रुंदीला झिजलाय किंवा रोलर एका बाजूने चपटे झालेत. पट्टा अरुंद झाला की पुढच्या पुलीत कडेपर्यंत चढू शकत नाही, म्हणजे 'शेवटचा गिअर' लागतच नाही. उभी असताना डाव्या बाजूने खडखड येते आणि ॲक्सिलरेटर दिला की जाते? रोलर किंवा त्यांच्या मागच्या प्लेटच्या प्लास्टिकच्या टोप्या. निघताना हॅंडलपर्यंत थरथर? शू आणि बेल. सिग्नलला नुसती उभी असताना पुढे सरकू बघते? आयडल जास्त आहे का ते आधी बघा, मग क्लचच्या छोट्या स्प्रिंगा. सेंटर स्टँडवर मागचं चाक हळूहळू फिरतं, त्याला मात्र घाबरू नका, तो बहुतेक वेळा नुसता आतला ओढा असतो. ब्रेकला बोटाचा स्पर्श केला की थांबतं.

मोबाईल हाच पहिला पाना

पाना हातात घेण्याआधी खिशातला फोन काढा. कार्टचा क्लच उघड्यावर असतो, म्हणून तिथे स्लो मोशन व्हिडिओ कमाल काम करतो. भावाने मागची चाकं उचलून, खाली मजबूत स्टँड लावून, फोन ट्रायपॉडवर ठेवून २४० फ्रेमवर शूट केलं. १५०० आरपीएमला क्लच सेकंदाला २५ फेरे मारतो, म्हणजे एका फेऱ्याचे साधारण दहा फोटो मिळतात. एवढ्यात पुष्कळ दिसतं. दुसऱ्या माणसाने पॅडल दाबलं आणि सोडलं. व्हिडिओत स्पष्ट दिसलं की पॅडल सोडल्यावर हलती थाळी अर्ध्यावर अडकते, क्षणभर थांबते आणि मग सुटते. दाबतानाही तेच, थाळी आधी चिकटून राहते आणि मग एकदम धाडकन पट्ट्यावर येते. झटका तिथला होता!

फिरता पट्टा दिसतो साधा, पण त्यात ओढणी, सैल बाही, लटकती चावी काहीही जाऊ शकतं. फोन हातात धरून वाकून शूट करू नका. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही नको.

स्कूटरचं कव्हर बंद असतं, पण तिथे एक जुनी युक्ती आहे. कव्हर उघडलं की पुढच्या पुलीच्या थाळीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढायची, कव्हर लावायचं, मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारायची आणि पुन्हा उघडायचं. पट्टा जिथवर गेला तिथवर रेघ पुसलेली असते. कडेला बराच भाग शिल्लक असेल तर गाडीने पूर्ण गिअर घेतलाच नाही. गॅरेजवाल्याला दाखवायला याच्याहून चांगला पुरावा नाही. फोटो काढून ठेवा.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी: फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठातलं. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा धमाका करतं, म्हणून मिळालेल्या मुख्य हर्ट्झला १२० ने गुणलं की आरपीएम. ५० हर्ट्झ म्हणजे ६०००. फोनच्या माइकला फार खालचा सूर नीट पकडता येत नाही, अशा वेळी दुप्पट-तिप्पट जागी दिसणाऱ्या उंचवट्यांवरून मूळ आकडा काढावा लागतो. थोडी खटपट आहे, पण फुकट टॅकोमीटर मिळतो.

आणि सगळ्यात साधी सवय: प्रत्येक वॉशर काढण्याआधी एक फोटो. जोडताना एक वॉशर हातात उरला की त्या फोटोची किंमत कळते.

कार्टचा क्लच काढताना

आधी पट्टा काढायचा. मागच्या पुलीच्या थाळ्या फाकवून पट्टा कडेवरून गुंडाळत बाहेर घेतात. त्यावर बाण किंवा अक्षरं असतील तर कोणत्या दिशेने होती ते बघून ठेवा, परत तसाच घालायचा. कडा चकाकून काचेसारख्या झाल्या असतील, आतल्या बाजूला भेगा असतील, दोरे सुटले असतील तर पट्टा गेला. चांगला असेल तर पुसून वापरा.

पट्टा निघाल्यावर ड्राइव्ह क्लचची हलती थाळी हाताने दाबून बघा. ती एकसारखी, न अडता सरकली पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःहून पूर्ण परत आली पाहिजे. दोन्ही पुल्यांच्या उतारांवरून नख फिरवा. नख अडेल इतकी खाच असेल तर पट्टा दर वेळी तिथे अडखळणार, मग कितीही नवा पट्टा घाला.

क्लच इंजिनच्या शाफ्टवरून काढायचा तर खरी परीक्षा सुरू होते. तो तिरक्या, निमुळत्या शाफ्टवर घट्ट रुतलेला असतो. मधला बोल्ट काढला तरी तो हलत नाही. लोक मग हातोडा घेतात किंवा थाळीमागे टॉमी घालून उचकटतात आणि ॲल्युमिनियमची थाळी वाकवून बसतात. वाकलेली थाळी म्हणजे क्लच गेलाच. यासाठी त्या त्या मॉडेलचा पुलर बोल्ट मिळतो. तो क्लचच्या आट्यांत बसतो आणि टोकाने शाफ्टला रेटतो. आवळत गेलं की 'टक्' करून क्लच सुटतो. भावाने असा बोल्ट मागवला, आठवडाभर थांबला, आणि मग पाच मिनिटांत काम झालं.

आत काय निघालं? काळी, तेलकट पेस्ट. आधीच्या मालकाने आवाज बंद व्हावा म्हणून कधीतरी स्प्रे तेल मारलं असणार. त्यावर पट्ट्याची रबरी धूळ बसली आणि थाळी चिकटायला लागली. हा क्लच कोरडा चालायला बनवलेला असतो. ब्रेक क्लीनरने सगळं धुतलं, थाळ्या स्कॉचब्राइटने हलक्या हाताने घासल्या. बुशिंगमध्ये हलकासा खेळ होता, पण चालण्यासारखा. शाफ्टचा निमुळता भागही पूर्ण कोरडा पुसायचा, तिथे ग्रीस लावायचं नाही, कारण क्लच तिथे नुसत्या घर्षणाच्या पकडीवर बसतो. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला बोल्ट आवळायचा.

एक तंबी. क्लच स्वतः खोलायचा झाला, विशेषतः मागची पुली, तर आतली स्प्रिंग दाबलेली असते. लॉक काढलं की ती सुटते आणि समोर तोंड असेल तर तोंडावर येते. स्कूटरच्या मागच्या क्लचचंही हेच. गॅरेजमधले लोक गुडघ्याने दाबून नट काढतात ते बघून घरी प्रयोग करू नका, स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा किंवा तेवढं काम बाहेरून करून घ्या.

नवा घ्यावा की आहे तोच?

माझं मत स्पष्ट आहे: थाळी वाकली नसेल, उतारावर खाच नसेल आणि शाफ्टचं भोक खराब झालं नसेल तर आधी साफसफाई आणि छोटे भाग. नवा क्लच शेवटी.

घ्यायचाच झाला तर 'सगळ्यांना बसतो' असं लिहिलेला घेऊ नका. अमेरिकेत तीन मोठी नावं आहेत, क्लब कार, इ-झी-गो आणि यामाहा. एकाचा क्लच दुसऱ्याला चालत नाही. इतकंच काय, क्लब कारच्या पेट्रोल डीएसला १९९६ पर्यंतचा क्लच वेगळा आणि १९९७ पासूनचा वेगळा. जुन्या इ-झी-गो टू-स्ट्रोक होत्या, नंतरच्या फोर-स्ट्रोक. इंजिन बदललं की क्लच कोणत्या आरपीएमला पकडणार हेही बदलतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी सिरियल नंबरचा फोटो. क्लब कारमध्ये पहिली दोन अक्षरं मॉडेल सांगतात आणि पुढचे दोन आकडे वर्ष, त्यामुळे 'बहुतेक ९८ ची असेल' असा अंदाज बांधायची गरज नाही.

स्वस्त क्लच आणि कंपनीचा क्लच यात दिसायला फरक नसतो, फरक असतो स्प्रिंग आणि वजनांच्या जुळणीत. स्प्रिंग कडक निघाली तर कार्ट उशिरा पकडते, इंजिन आधी खूप ओरडतं आणि मग निघते. मऊ निघाली तर लवकर पकडते आणि चढावर गुदमरते.

आपल्या स्कूटरमध्ये हाच खेळ रोलरच्या वजनाचा. ऑनलाइन 'परफॉर्मन्स किट' म्हणून हलके रोलर विकतात. हलक्या रोलरमुळे थाळी उशिरा सरकते, इंजिन वरच्या आरपीएमला राहतं, पिकअप तेज वाटतं. पण ॲव्हरेज खाली येतं आणि इंजिन कायम तारस्वरात. जड रोलर टाकले तर उलट: शांत, पण चढावर रडते. माझा सल्ला म्हणाल तर कंपनीने दिलेलं वजन ठेवा. साधारण अर्धा मिलिमीटर झिजले किंवा चपटे झाले की सगळे एकदम बदला, एखाद-दुसरा नको. पट्ट्याची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. किलोमीटरचा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमधली स्कूटर आणि सातारा रोडवर एकसारखी पळणारी स्कूटर यांचे पट्टे वेगवेगळ्या वेळी जातात.

चकाकलेले शू पॉलिश पेपरवर घासून काही दिवस थरथर जाते. पॅड पातळ झालेले नसतील तर जरूर करा. पण ती धूळ तोंडाने फुंकू नका, मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. आणि बहुतेक आजच्या स्कूटरमध्ये रोलरला ग्रीस लावायचं नसतं. काही जुन्या मॉडेलमध्ये कंपनीच घालायची, तिथूनच हा गोंधळ आला असावा. मागच्या पुलीच्या तिरक्या खाचांतल्या पिनांना मात्र उष्णता सोसणारं ग्रीस लागतं, तेही मोजकं.

तो एक नट

आता माझी स्वतःची फजिती. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये पट्टा बदलून घेतला. मी शेजारच्या टपरीवर चहा पीत होतो, वीस मिनिटांत काम झालं. तीन आठवड्यांनी डावीकडून टकटक यायला लागली. 'चालतंय की' म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एका रात्री महामार्गावर ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन किंचाळलं आणि गाडी जागेवर मंदावली. मागून ट्रक येत होता. कशीबशी कडेला घेतली.

उघडलं तेव्हा पुढच्या पुलीचा नट सैल होता आणि शाफ्टवरचे बारीक दाते, ज्यांवर बाहेरची थाळी अडकते, ते खाऊन गुळगुळीत झाले होते. शाफ्ट म्हणजे इंजिनचा क्रँकच. तो बदलायला इंजिन खाली उतरवून फोडावं लागलं, खर्च बारा हजारांच्या आसपास. पट्टा होता काही शे रुपयांचा.

असं होतं कसं? नवा पट्टा बसवताना तो पुढच्या पुलीच्या दोन थाळ्यांमध्ये दांड्यापाशी चिमटला जातो. बाहेरची थाळी आतल्या बुशला टेकायला हवी, ती पट्ट्यावरच अडते. नट आवळला की घट्ट लागतो, कारण तो पट्ट्याला दाबत असतो. गाडी सुरू झाली, पट्टा आपल्या जागी गेला, की फट पडते आणि नट हलायला मोकळा होतो. इम्पॅक्ट गन मारली होती तरीही.

टाळायचं कसं, ते सोपं आहे. मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने फाकवा आणि पट्टा तिथे आत खोलवर दाबून धरा. त्यामुळे पुढे पट्टा सैल पडतो. मग बाहेरची थाळी बसवा. दात्यांत नीट बसली असेल तर तिच्यातून शाफ्टचे आटे पुरेसे बाहेर दिसतात. दिसत नसतील तर पट्टा चिमटलाय, पुन्हा काढा. वॉशर, नट, आणि आवळताना थाळी होल्डरने धरायची, पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर खुपसून नाही, पाती तुटतात. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच. नंतर पुली हाताने फिरवत राहा, पट्टा मागे हळूहळू वर येतो आणि ताण आपोआप बसतो.

पुढच्या वेळी पट्टा बदलायला गेलात तर चहा नंतर प्या. कव्हर लावण्याआधी मेकॅनिकला फक्त एवढंच म्हणा, 'दादा, शाफ्टचे आटे किती बाहेर आलेत ते दाखवा', आणि फोनमध्ये एक फोटो काढून घ्या.